जेवल्यावर सांगतो

मी अमेरिकेत, चार्ल्स्टनमध्ये दोन वर्षं राहिलो आणि तिथल्या एकाही ऐतिहासिक घरात पुढच्या दारानं गेलो नाही. लोक कुठून कुठून ते दरवाजे बघायला येतात. खांब काय, कमानी काय, पितळी कड्या काय! माझ्याकडे मात्र मागच्या दारांचे इतके फोटो आहेत की आईनं एकदा पुण्याहून फोन करून विचारलं, "अरे, तू ती घरं बघायला जातोस की तिथं भांडी घासायला?"

याला कारण माझे तेव्हाचे घरमालक. त्यांचं नाव मी सांगणार नाही. आडनाव तर नाहीच नाही. ते स्वतः ज्या अटीवर आडनाव सांगत, ती अट वाचकांनी अजून पुरी केलेली नाही. तेव्हा आपण त्यांना नुसतं काका म्हणू. मीही तेच म्हणत होतो.

काका मूळचे भंडारा जिल्ह्यातले. आईवडील दुसऱ्याच्या धानाच्या शेतात राबायचे. काका शिकत शिकत नागपूरला आले, इंजिनिअर झाले, पुढं शिकायला अमेरिकेत आले आणि चार्ल्स्टनच्या बंदरात जहाजावरचे कंटेनर उतरवणाऱ्या उंचच उंच क्रेन्स सांभाळत निवृत्त झाले. काकू गेलेल्या, मुलगी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला. गॅरेजच्या वरची खोली ते कुणातरी मराठी मुलाला देत. बोलायला माणूस हवा, असं सांगत. खरं म्हणजे त्यांना ऐकायला माणूस हवा होता.

पहिल्याच दिवशी मी सामान ठेवलं आणि आमच्या घरच्या वळणाप्रमाणे विचारलं, "काका, आडनाव काय म्हणालात आपलं?"

"जेवल्यावर सांगतो," काका म्हणाले.

मला वाटलं, घाईत असतील. मग वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा असं जेवण झालं. मी तीनदा भाजी घेतली. हात धुतल्यावर काका समोर बसले आणि त्यांनी आडनाव सांगितलं. सांगून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. आता काय बोलावं? आपण पुरोगामी आहोत हे तर दिसलं पाहिजे, पण फार दिसता कामा नये. या धांदलीत माझ्या तोंडून निघालं, "अरे वा!"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आडनाव सांगतलं तं लोक गप्प राहाते. काही लोक म्हणते, आम्ही नाही बाप्पा मानत. 'अरे वा' म्हणणारा तू पहिलाच. लॉटरी लागली का मले?" तेव्हापासून मी 'अरेवा' झालो. शेजारच्या घरातली गोरी म्हातारीसुद्धा मला 'अरेवा' म्हणून हाक मारायची आणि हेच माझं खरं नाव आहे असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं.

जेवणानंतरच आडनाव का, हे त्यांनी एकदाच सांगितलं. कॉलेजात असताना एका मित्रानं घरी जेवायला नेलं. पाट मांडले, पान वाढलं, आणि वाढणाऱ्या माणसानं भाताची पळी हातात धरून सहज विचारलं, "आडनाव काय रे तुझं?" यांनी सांगितलं. "तं पळी तिथंच," काका म्हणाले आणि हात हवेत धरून दाखवला. "खालीही येईना अन् वरही जाईना. त्या माणसाचा हात दुखत असन बिचाऱ्याचा. तवापासून ठरवलं. आधी जेवण, मंग आडनाव. समोरच्याच्या हाताले तरास नको." एवढं बोलून ते परसातल्या धानाला पाणी द्यायला निघून गेले. मी हसू की नको ते मला कळेना.

याच कारणानं त्यांच्या घरी मराठी पाहुणा मागच्या दारानं येई. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती आणि भिंतीवर निळ्या कोटातला, हातात पुस्तक घेतलेला तो फोटो. पुढून येणाऱ्याला न विचारताच उत्तर मिळालं असतं. मागच्या दारानं आलं की थेट स्वयंपाकघर.

आता धान. चार्ल्स्टनच्या त्या शांत, हिरवळ कापलेल्या गल्लीत काकांच्या परसात लहान मुलांचे प्लास्टिकचे हौद मांडलेले असत, निळे, वर हसरे डॉल्फिन छापलेले. त्या हौदांत चिखल, आणि चिखलात धान. इथल्याच जुन्या, सोनेरी टरफलाच्या जातीचं बी त्यांनी कुठून तरी मिळवलं होतं. मे महिन्यात रोवणी, म्हणजे रोपांची लावणी. रोवणी वाकून, मागं मागं सरकत करायची असते. डॉल्फिनच्या हौदात मागं सरकायला जागा एका पावलाची. दुसरं टाकलं की माणूस हौदाबाहेर. मी दोन्ही वर्षी दुसरं टाकलं.

"अरेवा, तू रोवणी करून राहिला का गरबा खेळून राहिला?"

पहिल्या वर्षी पीक छान आलं. कापणीच्या आधी पाखरं आणि खारी हाकलायचं काम माझ्याकडे होतं. मी आरामखुर्ची घेतली, लॅपटॉप घेतला, गार सरबत घेतलं आणि पहारा देता देता झोपलो. जागा झालो तेव्हा एक खार हौदाच्या काठावर बसून माझ्याकडे कृतज्ञतेनं बघत होती. काका एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून खार दिसली की म्हणायचे, "पाहा, तुह्या घरचे आले."

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते त्यांच्याबरोबर शहर बघितल्यावर कळायचं. चार्ल्स्टनला आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला शहर दाखवायचा मक्ता काकांनी घेतला होता. एखाद्या राजवाड्यासारख्या घरासमोर ते पाहुण्यांना उभं करायचे आणि विचारायचे, "कायच्या पैशाचं आहे हे घर?" कुणी म्हणे कापूस, कुणी म्हणे तंबाखू. एका मुंबईकरांनी "रिअल इस्टेट" असं उत्तर दिलं होतं. काका सगळ्यांचं ऐकून घेत आणि म्हणत, "धान. भात विकून बांधलं आहे हे गाव." धान कसं पिकवायचं हे मालकांना ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांना. दलदलीतून खाचरं त्यांनी काढली, बांध त्यांनी घातले, आणि खांब-कमानी मालकांच्या झाल्या. म्हणून काका रीतसर तिकीट काढत, पण घर बघायला सुरुवात मागून करत. आधी आवारातलं वेगळं स्वयंपाकघर, मग त्यावरच्या गुलामांच्या खोल्या, मग पडवी. तिथवर येईतो पाहुण्यांचे पाय दुखायला लागत आणि दिवाणखाना राहूनच जाई.

एका भिंतीपाशी मात्र ते काही विचारत नसत. तिथल्या काही विटांत बोटांचे ठसे आहेत. वीट ओली असताना ती उचलणाऱ्या गुलामांच्या मुलांचे. काका नुसतं बोट दाखवत. पाहुणा आपलं बोट त्या खळगीत ठेवून बघे आणि ते मावत नसे.

या माणसाला मी माझ्या लग्नाच्या भानगडीत पडू दिलं, यावरून माझ्या अकलेची कल्पना यावी.

मधुरा आयसेलिनला, अमेरिकेतल्या भारतीयांच्या वस्तीत वाढलेली. आम्ही एका मित्राच्या लग्नात भेटलो, मग वर्षभर फोनवर भेटत राहिलो. तिनं घरी सांगितलं तेव्हा तिचे वडील म्हणाले, मुलगा बघायला म्हणून यायचं नाही, तसं आता कोणी करत नाही. आपण चार्ल्स्टन बघायला जाऊ. म्हणजे मुलगाच बघायला यायचं, पण मध्ये थोडे खांब-कमानी. "बाबांना तू आवडलास तर ते बोलणार नाहीत, नाही आवडलास तरी बोलणार नाहीत," मधुरानं फोनवर सांगितलं. "पण विमानात बसल्यावर आईला सांगतील. आणि यार, त्यांनी नाही म्हटलं ना, तर मला खूप जड जाईल."

मलाही जड गेलं असतं. मधुराचे वडील ओक ट्री रोडवर, म्हणजे तिथल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, प्रसिद्ध होते. मिठाईच्या दुकानापासून साडीच्या दुकानापर्यंत चालत जाताना भेटेल त्या मराठी माणसाचं ते पहिल्या प्रश्नात गाव काढत, दुसऱ्यात आडनाव, आणि तिसऱ्यात त्याची आत्या कुणाकडे दिली आहे ते. आणि इकडे आमचे काका.

मी शहाणा माणूस. मी मिनिटामिनिटाचा कार्यक्रम फोनमध्ये आखला: घोडागाडी, मोठी घरं, समुद्रकाठ, आणि दुपारी बंदराकाठच्या हॉटेलात जेवण. काकांना मी भीत भीत सांगितलं की तुम्ही कशाला दगदग करता. काका म्हणाले, "दगदग कायची? नवं धान निघालं आहे. उद्या पाहुण्यांले नवा भात." यंदा राखण त्यांनी स्वतः केली होती. जेमतेम एक लहान पातेलं भरेल एवढा तांदूळ निघाला होता. तो त्यांनी गॅरेजमध्ये उखळात हळूहळू कांडला होता, कण मोडू नये म्हणून. त्यांचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. पण हॉटेलचं बुकिंगही मी रद्द केलं नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवणं ही आमची जुनी सवय.

"अन् पुनव आहे उद्या," काका म्हणाले. "समुद्र रस्त्यावर येईन. तिकडं काठाले नको नेऊ."

मी फोन बघितला. स्वच्छ ऊन, पावसाची शक्यता नाही. मी मनात म्हटलं, काकांचं वय झालं.

सकाळी घोडागाडीपासून सुरुवात झाली. तिथं गाडी कोणत्या भागातून जाणार हे सोडतीनं ठरतं. आमच्या सोडतीत खांब-कमानींचा भाग आलाच नाही. काका गाडीत बसले नाहीत, शेजारून फुटपाथनं चालत राहिले. घोडा हळू, त्यामुळे ते सारखे पुढं जाऊन आमची वाट बघत उभे राहत. मध्येच घोड्यानं रस्त्यावर लघवी केली. गाडीवानानं तिथं एक खुणेचा झेंडा टाकला, मागून धुणारी गाडी यावी म्हणून. "पाहा," काका मधुराच्या वडिलांना म्हणाले, "घोडा मुतला तं त्यालेही झेंडा आहे. अन् जेनं हे गाव बांधलं त्याच्यासाठी मागं जाऊन शोधा लागते."

वडील हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आपण मूळचे कुठले?"

"भंडाऱ्याचा."

"अच्छा. आडनाव?"

"जेवल्यावर सांगतो."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी घोड्याकडे बघितलं.

पुढं काकांनी त्यांना मागच्या दारानं एका घरात नेलं. वडिलांनी स्वयंपाकघरात पुन्हा विचारलं, जिन्यात पुन्हा विचारलं. तेच उत्तर. मधुराच्या आई त्या ठशांच्या विटेपाशी थांबल्या, बोट ठेवून बघितलं आणि पदरानं, म्हणजे ओढणीच्या टोकानं, वीट पुसली. "मी पुढं होतो, भात टाकतो," एवढं म्हणून काका आपल्या जुन्या व्हॅनकडे गेले.

आता सूत्रं माझ्या हातात आली. मी सगळ्यांना घेऊन समुद्रकाठी गेलो. डोक्यावर लख्ख ऊन, आभाळात ढग औषधालाही नाही, आणि रस्त्याच्या गटारांतून पाणी वर येऊ लागलं. आधी एक रेघ, मग थारोळं, मग घोट्यापर्यंत समुद्र. आम्ही एका भिंतीच्या कट्ट्यावर चढलो, पण त्याआधी वडिलांचे नवे कोरे तपकिरी बूट बुडाले होते. खास या भेटीसाठी घेतलेले. त्यांनी ते काढले, उलटे केले, आणि त्यातून पाणी पडताना आम्ही सगळे बघत होतो. मी म्हणालो, "ॲपमध्ये असं काही दाखवत नव्हतं."

"तुझं हॉटेलचं बुकिंग आहे ना?" ते म्हणाले. "तिकडेच जाऊ."

"बाबा, प्लीज," मधुरा म्हणाली. "त्यांनी स्वयंपाक केलाय."

"सकाळपासून तीनदा विचारलं. साधं आडनाव सांगत नाही माणूस. आपण जेवणार कुणाकडे, हे आपल्याला कळायला नको?"

मधुरा माझ्याकडे बघत होती. तिला आडनाव ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. तिचे वडील का विचारताहेत हेही तिला ठाऊक होतं. माझ्या खिशात हॉटेलचं बुकिंग होतं, आणि हो म्हटलं की सगळं सुरळीत पार पडणार होतं. मी जन्मात कुणाला ठामपणे काही सांगितलेलं नाही. केस कापणाऱ्यालाही मी "तुम्हाला बरं वाटेल तसं" असंच सांगतो. पण डोळ्यांसमोर ते लहानसं पातेलं आलं, आणि हवेत धरलेला तो हात आला.

"जेवण घरीच आहे," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला. "त्यांच्याकडे. मी रोज तिथंच जेवतो."

वडील माझ्याकडे असे बघत होते जणू मी आताच तिथं उगवलोय. तेवढ्यात मधुराच्या आई म्हणाल्या, "चला बाई, मला भूक लागलीय. आणि तुम्ही अनवाणी कुठल्या हॉटेलात बसणार आहात?"

पाण्यातून एक व्हॅन फसफस करत आली. काका गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून उतरले. "समुद्र आला ना?" त्यांनी फक्त मला विचारलं.

घरी मागच्या दारानं गेलो. बूट काकांनी परसात उन्हात ठेवले, डॉल्फिनच्या हौदांशेजारी. वडील अनवाणी, पँट दुमडलेली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. भाकरी झाली, वांगी झाली, ठेचा झाला. ते खाली मान घालून थोडं थोडं खात होते. मी वाढायला होतो, काका "मी मागून बसतो" म्हणाले. मग त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. वास सगळ्या घरात गेला. काकांनी पळी भरली आणि ती मधुराच्या वडिलांच्या ताटावर धरली.

"वाढू?"

पळी हवेत थांबली. या खेपेला ती काकांच्या हातात होती. वडिलांनी पळीकडे बघितलं, काकांकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, बहुतेक सकाळपासूनच कळलं होतं.

"वाढा," ते म्हणाले.

ते आधी वरण न घेताच खाऊ लागले. नुसता भात, चिमूटभर मीठ लावून. ताट स्वच्छ झालं. काका समोरच्या खुर्चीत बसले, दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"हं. आता विचारा."

मधुराचा हात पाण्याच्या पेल्यावर थांबला. तिच्या वडिलांनी ताटाकडे बघितलं. बोटानं एक शीत उचलून तोंडात टाकलं. मग म्हणाले,

"भात आहे का अजून थोडा?"

काका खुर्चीत मागं टेकले आणि मोठ्यानं म्हणाले, "अरेवा! पाहुण्याले भात वाढ!"

मी पातेलं खरवडलं. जे निघालं ते त्यांच्या ताटात गेलं. ते काकांच्या आणि माझ्या वाटणीचं होतं.

निघताना काकांनी त्यांना पुढच्या दारानं नेलं. पुढच्या खोलीत वडील त्या फोटोसमोर उभे राहिले, बराच वेळ. मग ओले बूट हातात घेऊन पायऱ्या उतरले.

आमच्या लग्नात काका पहिल्या पंगतीला होते, त्यांच्या शेजारी माझे सासरे. सासरे आजही ओक ट्री रोडवर लोकांना आडनावं विचारतात, जित्याची खोड. पण काकांना त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. काका आता मुलीकडे क्युपर्टिनोला असतात. तिथल्या फ्लॅटला एकच दार आहे, म्हणून कुरकुरतात, आणि बाल्कनीत बादल्यांमध्ये धान लावतात.

मी मात्र दोन वर्षं चिखलात उभा राहिलो, दोनदा हौदाबाहेर पडलो, आणि तो भात कसा लागतो ते मला अजून ठाऊक नाही. सासरे दर दिवाळीला जेवताना सांगतात. काय मऊ होता, काय गोडी होती, नुसत्या मिठाशी कसा लागत होता. मी ऐकून घेतो आणि म्हणतो, "अरे वा!"